भैरोबाची घंटा आणि नावेचं बूच

पाणबुड्या म्हटलं की लोकांना वाटतं, हा माणूस माशासारखा पोहत असणार. मला पोहता येतं ते बेताचंच, आणि आमच्या कामात त्याचा उपयोगही नसतो. रबरी कापडाचा अंगभर पोशाख, छातीवर आणि पाठीवर शिशाची वजनं, पायांत शिशाच्या तळाचे बूट आणि डोक्यावर तांब्याचा टोप, एवढं सगळं चढवलं की माणूस धोंड्यासारखा तळाला जातो. तिथे तो चालतो, रांगतो, चाचपडतो. वर बोटीत हवेचा पंप असतो. दोन माणसं समोरासमोर उभी राहून त्याचं चाक सतत फिरवतात आणि हवा नळीतून खाली टोपात येते. तिसरा माणूस खाली गेलेल्याच्या कमरेचा दोर हातात धरून बसतो. दोराला दिलेले हिसके हीच आमची बोली.

टोपात हवा येते तिचा फुस-फुस असा आवाज होतो. नव्या माणसाचं डोकं त्यानं उठतं. पुढे सवय होते आणि तो ऐकू येईनासा होतो. माझ्या सगळ्या नोकरीत तो आवाज भलत्या वेळी एकदाच थांबला, आणि तोही समुद्रात नव्हे. आपल्या कृष्णेत, आष्ट्याकडच्या एका डोहात थांबला.

मी मूळचा आष्ट्याचा. दुसऱ्या महायुद्धात, लढाईच्या वर्षांत, मुंबईच्या गोदीत लागलो आणि बुडालेली जहाजं शोधून त्यांतला माल वर काढणाऱ्या एका कंत्राटदाराच्या टोळीत पाणबुड्या झालो. लढाईत बुडालेल्या जहाजांचं काम होतंच, पण मधूनमधून फार जुन्या गलबतांचे शोधही निघत. कोकण किनाऱ्यावर एका शेठजींनी आम्हाला अशाच एका गलबतासाठी नेलं होतं. त्यात हस्तिदंत भरलेलं आहे, असं त्यांना कुणा ज्योतिष्यानं सांगितलेलं. आम्ही दोन होड्यांमध्ये तार ताणून समुद्राचा तळ विंचरत होतो, आणि शेठजी किनाऱ्यावर छत्रीखाली बसून जप करत होते. गलबत खरोखरच सापडलं. आत निघाली कौलं. शेठजींनी एक कौल पंच्यात गुंडाळून घरी नेलं. त्याचं पुढे त्यांनी काय केलं, ते मला आजतागायत समजलेलं नाही. सांगायचं एवढंच, की तळाशी काय आहे हे वर बसून ठरवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत.

लढाई संपली आणि गोदीतलं काम मंदावलं. तेव्हा आमच्याकडच्या नदीकाठच्या एका गावाहून बोलावणं आलं. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून माझ्या येण्याजाण्यातली आहेत. पेशवाईत त्या गावचा कोणी सरदार कोकणच्या स्वारीवरून एक मोठी फिरंगी घंटा घेऊन आला. ती नावेतून नदी पार करून भैरोबाच्या देवळात आणायची होती. ऐन डोहात नाव बुडाली आणि घंटा गेली ती गेलीच. आता देवळाचा जीर्णोद्धार निघाला होता आणि गावाला घंटा हवी होती.

गोदीच्या मुकादमाकडून जुना पोशाख आणि पंप भाड्यानं घेतला. दोर धरायला शंकरला बरोबर घेतलं. शंकर मेढ्याकडचा, गोदीत माझ्याच टोळीतला, बोलायला कमी आणि हातानं पक्का. तो दोर धरून बसला की मी तळाशी निश्चिंत असे.

गावात नाव एकच होती, सुबानातात्यांची. साठी उलटलेला, काळा, काटक म्हातारा. पिढ्यान्‌पिढ्या नावाड्याचं काम त्यांच्या घरात. आष्ट्याच्या बाजाराला जायला सगळा गाव त्यांच्या नावेत बसे. बसत नसे तो फक्त देव. चैत्राच्या जत्रेला भैरोबाची पालखी पलीकडच्या काठावर बहिणीच्या भेटीला जाते. ती खांदेकरी नदीच्या पायउतारावरून, छातीएवढ्या पाण्यातून चालत नेत. सुबानातात्यांची नाव शेजारी रिकामी उभी असे. का, तर बुडालेली नाव त्यांच्याच कुणा मूळपुरुषाची होती. घंटेच्या धातूवर त्याचा डोळा होता, मागाहून येऊन काढून नेता यावी म्हणून त्यानं बूच उपटून नाव बुडवली, असं गाव पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलं होतं. नाव काठावर ओढल्यावर साठलेलं पाणी निघून जावं म्हणून तिच्या बुडाला एक भोक ठेवतात आणि त्यात काथ्या गुंडाळून लाकडी बूच ठोकतात. ते काढलं की नाव बसलीच खाली.

डोहाच्या काठी मी हवेची नळी तपासत बसलो होतो. संध्याकाळ होत आली होती. तात्या येऊन शेजारी उकिडवे बसले. नळी निरखत म्हणाले, "पावनं, घंटा घावंल न्हाईतर न घावंल, त्येचं मला काय न्हाई. नावंच्या बुडाला बूच हाय का, तेवढं बगा."

"आन नसलं तर, तात्या?"

"नसलं तर नसलं म्हनून सांगा. पर हात लावून सांगा. आतापतूर समद्यांनी हात न लावताच सांगितलंय."

एवढं बोलून ते उठून गेले. बोलण्यात कुठेही गयावया नव्हती. पण हा म्हातारा काय पणाला लावतो आहे, ते मला समजलं. बूच नसतं, तर गावाची ऐकीव गोष्ट माझ्या तोंडानं खरी ठरणार होती आणि तात्यांच्या घराला पुढे कायमचं तोंड लपवावं लागणार होतं. मी गप्प राहिलो असतो तर गोष्ट होती तिथेच राहिली असती. तरी त्यांना खरं हवं होतं.

शोधाला काही दिवस गेले. तात्यांची नाव आणि पलीकडच्या गावाहून आणलेली दुसरी, अशा दोन नावा वाशांनी एकमेकींना जोडल्या आणि मधल्या फटीवर कप्पी टांगली. पंप तात्यांच्या नावेत. तो फिरवायला गावानं दोन दणकट गडी दिले. एक तालमीतला दत्तू, दुसरा लोहाराच्या भात्यावर हात बसलेला हसन. हसनच्या घराकडे जत्रेतल्या मशालींना तेल घालायचा मान. दोघांना मी बजावून ठेवलं होतं की मी पाण्याखाली असेपर्यंत चाक थांबता कामा नये. शिंक आली तरी चाकावरच शिंका. दोघं हसले होते. मधेच पोलीस हवालदार येऊन काठावर ठाण मांडून बसला, कारण बेचाळीसच्या भूमिगतांनी डोहात टाकलेल्या बंदुका काढायला आम्ही आलोय, अशी कुणी तरी कंडी पिकवली होती. त्याला एक गंजका नांगराचा फाळ मिळाला आणि तो जप्त करून गेला.

नाव सापडली ती डोहाच्या पोटात, गाळात, एका कुशीवर कलंडलेली. डोहाचं पाणी वरून हिरवं दिसतं, दोन परस, म्हणजे दोन पुरुष उंचीएवढं, खाली गेलं की तपकिरी होतं आणि तळाशी डोळे उघडे काय, मिटलेले काय, सारखंच. जे काय बघायचं ते बोटांनी, पोशाखाबाहेर हात तेवढे मोकळे असतात. नावेच्या तोंडाशी, अर्धी गाळात रुतलेली घंटा माझ्या बोटांना लागली. गार, गुळगुळीत, काठावर उठावाची अक्षरं. मी हातानंच गाळ उपसला, घंटेच्या कानातून साखळी ओवली आणि शंकरला इशारा दिला, की ओढा. ओझं वर जात असताना पाणबुड्यानं खाली थांबायचं नसतं, बाजूला व्हायचं असतं. मी बाजूला झालो तो नावेच्या टोकाला वळसा घालून पलीकडे, तिच्या बुडाकडे. नाव कुशीवर होती म्हणून तिचं बूड भिंतीसारखं माझ्यासमोर उभं होतं. मी खालपासून चाचपत निघालो.

एक फळी सापडली ती मधोमध चिरलेली, कडा बाहेरच्या बाजूला फाकलेल्या. आतून भार आल्याशिवाय फळी अशी फुटत नाही. घंटा आत जिथे ठेवली असणार, नेमकी तिथेच. मन एकदम हलकं झालं, पण तात्यांनी मला फळी विचारली नव्हती. मी पुढे सरकत गेलो, वीतभर वरून चाचपत परत आलो, अशा फेऱ्या घालता घालता दुसऱ्या टोकाजवळ मला ते लागलं. मुठीएवढं गोल लाकूड, फळीशी सपाट ठोकलेलं, कडेला काथ्याचे धागे. मी नख रोवलं, हिसडून पाहिलं. हललं नाही.

त्याच वेळी टोपातला आवाज थांबला.

आधी वाटलं, मीच श्वास रोखून धरलाय. पण नाही, हवा येत नव्हती. टोपाला अशी झडप असते की वरून हवा बंद पडली तरी आतली हवा नळीतून परत जात नाही. हवा बाहेर सोडायची दुसरी झडप मी हातानं आवळून बंद केली. म्हणजे पोशाखात जेवढी हवा होती तेवढी माझी. मी दोराला तातडीचे हिसके दिले, वर घ्या. दोर ताणला गेला, पण मी वर जाईना. नावेच्या टोकाला वळसा घालून मी इकडे आलो होतो, त्या टोकालाच दोर आणि नळी अडकली होती. शंकर जेवढा जोर लावत होता, तेवढा मी त्या जुन्या लाकडाशी आवळला जात होतो.

अशा वेळी घरदार आठवतं म्हणतात. मला काही आठवलं नाही. माझ्या डोक्यात फक्त पंप होता. चामडं फाटलं का, दांडा मोडला का, नाव उलटली का. हवा जड होत गेली, कपाळात ठणका सुरू झाला, धाप लागली. धाप लागली की हवा आणखी लवकर संपते, हे माहीत असून ती आवरत नव्हती. मी भ्यालो होतो. आयुष्यात तेवढा कधी भ्यालो नाही. रांगत दोराच्या वाटेनं परत निघावं, तर दोर सैल हवा, आणि शंकर तो सोडत नव्हता. सोडणार कसा, मी मदत मागत होतो ना.

वर काय झालं ते मला नंतर समजलं. दोन नावांच्या मधल्या फटीतून घंटा पाण्याबाहेर आली. काठावर हलगी कडाडली. सगळे ओरडायला लागले. पंपापासून घंटा हाताच्या अंतरावर होती. दत्तूनं चाक सोडून हात जोडले आणि डोळे मिटले. समोर हसननंही सोडलं आणि जोडले. शंकर पाण्याकडे तोंड करून दोराशी झोंबत होता आणि त्या हलगीत त्याला मागे पंप थांबल्याचं ऐकूच आलं नाही. त्या सगळ्या गर्दीत घंटेला हात न जोडणारा एकच माणूस होता. सुबानातात्या घंटेकडे पाठ करून, नावेच्या कडेला बसून माझे बुडबुडे बघत होते. बुडबुडे थांबलेले फक्त त्यांना दिसले.

मला ऐकू आलं ते एक फुस. मग बऱ्याच वेळानं दुसरं. दोन माणसांचं चाक एक म्हातारा एकट्यानं, अंगाचा भार टाकून फिरवत होता. मग आवाज जवळजवळ यायला लागले. तात्यांनी लाथ घालून दत्तूला जागं केलं होतं. जिवात जीव आला तसं मी दोराला ढील मागितली, शंकरला ती लगेच समजली, आणि मी टोकाला उलटा वळसा घालून मोकळा झालो.

मला वर घेऊन टोपाची काच उघडली. शंकरनं तोवर दत्तूच्या कानाखाली वाजवलेली होती. तो पहिलवान गडी गाल धरून पोरासारखा उभा होता.

"आवं, घंटा वर आली आन हात आपसूक जुळलं," तो म्हणाला. "कवा जुळलं त्ये कळलंच न्हाई."

हसन खाली मान घालून होता. मी दोघांना, गावाला आणि खरं सांगायचं तर भैरोबालाही, गोदीत शिकलेल्या सगळ्या शिव्या दिल्या. मग तात्यांकडे बघितलं. ते चाकाला टेकून धापा टाकत होते. मी म्हणालो, "तात्या, बूच आहे. हात लावून सांगतोय. घट्ट आहे." ते तिथेच नावेत खाली बसले आणि पटक्याच्या शेवानं तोंड पुसत राहिले.

इथे गोष्ट संपायला हवी होती. घंटा काठावर आली, हार पडले, आणि मी पाटलांना सगळ्यांसमोर सांगितलं की नाव भारानं फुटलीय, बूच जागेवर आहे. पाटील माणूस वाईट नव्हते. पण ते शांतपणे म्हणाले, "तुमी सांगताय त्ये खरं बी आसंल. पर सुबानानं तुमचा जीव वाचिवलाय. आता तुमी त्येच्या इरुद कसं बोलनार?"

लोकांनी माना डोलावल्या. तात्यांनी मला वाचवलं, म्हणून माझी साक्ष बाद. ते घंटेला हात जोडत बसले असते आणि मी मेलो असतो, तर बुचाचं सांगायला कुणीच उरलं नसतं. म्हणजे दोन्हीकडून त्यांचंच मरण. माझं डोकं सणकलं. मी म्हणालो, ती फळीच आणून देतो.

शंकर साफ नाही म्हणाला. घंटा दिली, काम संपलं, आता एका बुचासाठी परत त्या सापळ्यात कशाला, असं त्याचं म्हणणं, आणि ते अगदी बरोबर होतं. तात्याही आडवे आले. "नगा जाऊ. मला कळलं, त्येवढं बास हाय." मला जायची हौस नव्हती. तात्यांचे उपकार होतेच, पण त्याहून जास्त पाटलांच्या त्या शांत बोलण्याचा राग होता. रागावर माणूस बरीच कामं उरकतो.

पंपावर कोण, हा प्रश्न आला. दत्तू आणि हसन पुढे झाले आणि म्हणाले, आमीच. शंकरनं त्यांच्याकडे बघितलं, काठावरून दोन पंचे मागवले आणि दोघांचे हात मनगटाशी पंपाच्या दांड्यांना करकचून बांधले. कुणी हसलं नाही. हलगी बंद करायला लावली. तात्या पुन्हा कडेला, बुडबुड्यांसमोर बसले.

दुसऱ्यांदा खाली उतरताना मी एकेक फुस मोजल्यासारखा ऐकत होतो. पहारीनं फळी सुटी करायला घेतली. खिळे गंजून नुसती माती झाले होते, पण लाकूड आडमुठं. एकेक हिसक्याला नाव कण्हत होती आणि माझ्या अंगावर कलत होती. एकदा ती खरंच सरकली आणि माझा बूट तिच्या कडेखाली दाबला गेला. बुटाचा जाड शिशाचा तळ आड आला म्हणून पाय वाचला. तेव्हाही मी आधी आवाज ऐकला. फुस, फुस, फुस. तो चालू होता. पहार घालून बूट सोडवला आणि फळी साखळीला बांधली.

फळी काठावर ठेवली तेव्हा डोहाचं काळं पाणी तिच्यातून ठिबकत होतं. मधोमध बूच होतं. पाटील वाकले, त्यांनी अंगठ्यानं दाबलं, मग मुठीत धरून हिसडलं. मग बाजूला झाले. एकेक जण येऊन बघून गेला. एवढी जड घंटा त्या नावेत चढवायचा हुकूम कुणी दिला होता, हे मात्र कुणी विचारलं नाही, कारण तो सरदार पाटलांच्याच घराण्यातला होता आणि सगळ्यांना ते माहीत होतं. तेवढ्यात नावेतून दत्तूचा आवाज आला, "आवं, आता तरी आमाला सोडा की."

आज वाटतं, पेशवाईतली ती नाव आम्ही एका फळीसाठी मोडली. तिचे वासे, तिची जोडणी, काही टिपून ठेवलं नाही. फळी वाळली तशी तडकत गेली. आता अशी नाव सापडली तर शिकलेली माणसं तिला कापसात ठेवतील. हळहळ वाटते, पण त्या दिवशी त्या काठावर मला दुसरं काही करता आलं नसतं. घंटा देवळात आहे. तिचा आवाज गोड आहे म्हणतात. ती वाजली की मी आजही आधी श्वास घेऊन बघतो.

पुढच्या चैत्रात गावानं मला जत्रेला बोलावलं. पालखी काठावर आली आणि पाटलांनी स्वतः पुढे होऊन ती नावेत घ्यायला सांगितलं. सुबानातात्या नवा पटका बांधून वल्हं घेऊन उभे होते. त्यांनी वल्हं खाली ठेवलं, नावेतली पायाखालची फळी उचलली आणि बुडाच्या बुचाकडे बोट दाखवलं.

"पाटील, हात लावून बगा," ते म्हणाले, "मगच द्येव आत घ्या."

पाटलांनी धोतर सावरलं, वाकून हात लावला. मग खांदेकऱ्यांनी लावला, एकेकानं. दत्तूनं लावला, हसननं लावला. तात्या कुणाचीही घाई करत नव्हते. शेवटी त्यांनी माझ्याकडे बघितलं. मीही वाकून हात लावला. बूच घट्ट होतं. मग त्यांनी फळी जागेवर बसवली आणि नाव पाण्यात लोटली.